पहिल्यांदाच विमानाने निघालात? गोव्याहून स्वस्तात जायचे कसे

2023 च्या पावसाळ्यात मी डिचोलीहून पहाटे निघाले, पणजी मागे टाकली, झुआरीचा पूल ओलांडला आणि दाबोळी विमानतळाच्या दारात जाऊन उभी राहिले. दारावरच्या जवानाने माझ्या मोबाइलवरचे तिकीट वरखाली करून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, ये तो मोपा का है." मोपा म्हणजे गोव्याचा दुसरा, नवा विमानतळ, माझ्या घरापासून दाबोळीपेक्षा जवळ. मी पावसात, पैसे मोजून, बरोबर उलट्या दिशेला आले होते. तिथून मोपा साठेक किलोमीटर. विमान गेले. 'काय स्वस्तात मिळाले' म्हणून आठवडाभर ज्याच्या त्याच्यापाशी मिरवलेले तिकीटही गेले.

मुलगा बेंगळुरूला आणि नणंद पुण्याला, म्हणून त्यानंतर वर्षातून चार-पाच खेपा होतात. चुका करून करून थोडेफार कळायला लागले आहे. आता वाड्यावरचे कोणी पहिल्यांदा विमानाने निघाले की माझ्याकडे येते आणि मी तेच तेच सांगत बसते. म्हणून हे एकदा लिहून काढले.

1. आधी विमानतळ, मग तिकीट

गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी जुना, पोर्तुगीज अमदानीत 1950 च्या दशकात झालेला, वास्कोच्या कडेला. जागा नौदलाची, आयएनएस हंसा हा तळ तिथलाच. त्यामुळे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते आणि बाहेरचे फोटो काढायला मनाई असते. दुसरा पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर. त्याचे नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांच्या नावाचा. त्याचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुटू लागली.

तिकीट शोधताना दोन्हींच्या पुढे 'गोवा' असेच दिसते. फरक तीन अक्षरांत आहे: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मला वाटले होते 'एक्स' म्हणजे एक्स्प्रेस असेल. हसा. पण तिकीट हातात आले की ती तीन अक्षरे आधी वाचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही वाचून घ्या.

पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी इथल्या लोकांना मोपा सोयीचा. पलीकडच्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्गवाल्यांनाही तोच. मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोण इथून दाबोळी. पणजी आणि फोंड्याचे लोक अधेमधे आहेत, त्यांनी दोन्हींचे भाडे बघावे. सिंधुदुर्गात चिपीला 2021 पासून तिसरा विमानतळ आहे, पण तिथली विमाने मोजकीच. तारीख जुळली तर उत्तम.

इथे पहिला सापळा. समजा, मडगावच्या माणसाला मोपाहून बेंगळुरूचे तिकीट 600 रुपयांनी स्वस्त मिळाले. विमान पहाटे साडेपाचचे. म्हणजे साडेतीनला विमानतळावर हवे. त्या वेळी कसली बस? मडगाव ते मोपा टॅक्सी करायची, म्हणजे वाचलेल्या 600 च्या कितीतरी पट पैसे रस्त्यात गेले. तिकीट स्वस्त की महाग हे घराच्या उंबऱ्यापासून पोचायच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत मोजायचे. मी वहीत चार आकडे लिहिते: तिकीट, सामानाचे जादा पैसे, इकडची गाडी, तिकडची गाडी. बेरीज करून मगच पैसे भरते. निम्म्या वेळा पहिल्या नजरेला स्वस्त वाटलेले तिकीट हरते.

मोपाला पणजी, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणांहून कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसगाड्या आहेत. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, बदलत असते. दाबोळी तर हमरस्त्यालाच लागून आहे, वास्कोच्या बसमधून जवळच्या थांब्यावर उतरून बॅग ओढत चालत जाता येते. एकटे असाल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर वास्कोहून पायलट करा. (गोव्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा. विमानातला तो वेगळा.) टॅक्सीच हवी असेल तर दाराशी घासाघीस करण्यापेक्षा ॲपवर किंवा प्रीपेड काउंटरवर भाडे ठरवून बसा.

2. पर्यटक येतात तेव्हा तुम्ही जा

आपण गोव्यात राहतो याचा फायदा इथे आहे, आणि तो फारसा कोणी घेत नाही.

मुंबई, दिल्ली, बेंगळुरूची माणसे शुक्रवारी संध्याकाळी गोव्यात येतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. ज्या विमानाने ती शुक्रवारी आली, त्याला परत तर जायचेच असते, भरलेले असो की अर्धे रिकामे. म्हणून शुक्रवारी रात्री गोव्याहून निघणारे आणि रविवारी रात्री गोव्याला येणारे तिकीट बघा. बाकी भारताला शनिवार-रविवार महाग पडतो. आपल्याला तोच पुष्कळदा परवडतो.

नाताळात हे आणखी ठळक दिसते. 26 ते 31 डिसेंबर या दिवसांत गोव्याला येणारी तिकिटे आकाशाला भिडतात, पण गोव्याहून बाहेर जाणारी तेवढी नसतात. एक-दोन जानेवारीला सगळे उलटते, त्या दिवशी गोवा सोडायचा विचारही करू नका. नवीन वर्षाला मुलाकडे जायचे तर मी 28 ला जाते आणि आठवड्याने येते.

चवथीला (गणेशचतुर्थीला) मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा पर्यटक नव्हे, आपलीच माणसे मुंबई-पुण्याहून गावी येत असतात. चवथीची तिकिटे पंचांगात तारीख दिसताच काढून ठेवावीत किंवा सरळ कोकण रेल्वेकडे वळावे. रेल्वेचाही विचार करा हो. मुंबईला जायला कोकणकन्या रात्री नेते, सकाळी सोडते. एका रात्रीच्या राहण्याचे पैसे वाचतात आणि सामानाचे वजन कोणी करत नाही.

जून ते सप्टेंबर तिकिटे बहुधा सर्वांत स्वस्त. मात्र मोपाच्या पठारावर पावसाळ्यात ढग अगदी खाली उतरतात आणि विमान दुसऱ्या शहरी वळवण्याची पाळी येते. पावसाळ्यात लग्न, मुलाखत, परीक्षा असे काही असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

किती आधी काढावे? माझा अनुभव दीड-दोन महिन्यांचा. विमान कंपनी एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकते. स्वस्त गटातल्या थोड्या जागा संपल्या की पुढचा भाव लागतो. म्हणून चौघांचे तिकीट एकदम शोधलेत आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही वरचा भाव दाखवतात. आधी एकाचे शोधून बघा, मग दोघांचे. फरक दिसला तर दोन तुकड्यांत काढा. लहान मुले असतील तर हा उद्योग नको, जागा वेगवेगळ्या येतात.

आणखी एक. गोव्यात बस्तान असलेली फ्लाय91 ही कंपनी मार्च 2024 पासून पंख्याची छोटी एटीआर विमाने चालवते. पुणे, जळगाव, सोलापूर अशा ठिकाणी ती थेट जाते. सोलापूरला गोव्याहून रस्त्याने जाऊन आलेल्यालाच याची किंमत कळेल.

3. तिकीट काढताना बोट सांभाळा

शोधायला कुठलीही तुलना करणारी वेबसाइट वापरा. पैसे मात्र विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरा. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. विमान रद्द झाले, तारीख बदलायची झाली, तर मधला एजंट आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. मी एकदा परताव्यासाठी असे तीन महिने फोन करत बसले होते.

क्रम साधारण असा:

क) कुठून-कुठे, तारीख, माणसे. विमानतळाची तीन अक्षरे पुन्हा बघा.

ख) थेट विमान की मध्ये थांबा? थांबा असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत का ते बघा. स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची वेगळी तिकिटे जोडू नका. पहिले उशिरा पोचले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते, आणि सामान मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागते.

ग) नाव. ओळखपत्रावर आहे तसेच्या तसे. गोव्यात ही भानगड मोठी आहे. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या दाखल्यांवर 'पोरोबो', आधारवर 'परब'. एका कागदावर 'गावकर', दुसऱ्यावर 'गांवकार'. जे ओळखपत्र दारात दाखवणार त्यावरचे स्पेलिंग समोर ठेवून टाइप करा. चुकलेच तर 24 तासांच्या आत कंपनीला कळवा. तिकीट तिच्याच वेबसाइटवर काढलेले असेल तर त्याच माणसाच्या नावातली चूक पैसे न घेता दुरुस्त करून देतात.

घ) यानंतर पाच-सहा पाने लागतात: सीट, जेवण, विमा, आधी चढण्याची सोय, कुठेतरी देणगी. काही खुणा आधीच केलेल्या असतात. एकेक काढा. 'सीट निवडली नाही तर मिळणार नाही' असा धाक वाटतो, पण तिकीट आहे म्हणजे सीट आहे. कुठली ते कंपनी ठरवते, इतकेच.

ङ) शेवटी पैसे भरताना 'सुविधा शुल्क' वाढते. पैसे भरायच्या वेगवेगळ्या मार्गांना ते कधी वेगळे असते, यूपीआय आणि कार्ड दोन्ही दाबून बघा.

तिकिटाच्या रकमेत मूळ भाडे, इंधन आकार, विमानतळाचे वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमीला 5 टक्के जीएसटी असतो. हे माहीत असलेले बरे, कारण विमान चुकले किंवा तिकीट रद्द केले तरी विमानतळ शुल्क आणि कर परत मागता येतात. माझ्या त्या मोपाच्या बुडालेल्या तिकिटाचे एवढे तरी परत आले. आपणहून कोणी देत नाही, वेबसाइटवर अर्ज करावा लागला.

4. कागद

- प्रत्येक मोठ्या माणसाचे फोटो असलेले सरकारी ओळखपत्र: आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एक. डिजिलॉकरमधले चालते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका.
- दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला, वयासाठी.
- तिकीट किंवा बोर्डिंग पास (विमानात चढायची चिठ्ठी), मोबाइलमध्ये आणि शक्य असेल तर कागदावरही. चार्जिंग संपलेला मोबाइल दारात उपयोगाचा नाही.
- विद्यार्थी भाड्याने जात असाल तर कॉलेजचे ओळखपत्र. काही कंपन्या त्यात जादा सामान देतात, होस्टेलला निघालेल्या मुलांनी जरूर बघावे.
- गरोदर बाई किंवा नुकतेच ऑपरेशन झालेले माणूस असेल तर डॉक्टरांचे पत्र.

डिजीयात्रा म्हणून चेहरा दाखवून आत जाण्याची सोय आहे. ऐच्छिक आहे, नाही घेतली तरी काही अडत नाही.

5. सामान, म्हणजे नारळ, लोणचे आणि फेणी

देशांतर्गत प्रवासात साधारण हिशेब असा: खाली टाकायचे, म्हणजे काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणारे सामान 15 किलो, सोबत घ्यायची एक पिशवी 7 किलोपर्यंत, वर बायकांची पर्स किंवा लॅपटॉप. 15 किलो म्हणजे बऱ्याच कंपन्यांत एकच नग. दहा आणि पाच किलोच्या दोन पिशव्या नेल्यात तर दुसरीचे पैसे मागतात. काही अगदी स्वस्त तिकिटांत खालचे सामानच धरलेले नसते, तेही वाचा. जास्त लागणार असेल तर आधी ऑनलाइन पैसे भरा. काउंटरवर किलोला जो दर सांगतात तो ऐकून तांदूळ तिथेच ठेवून यावेसे वाटते.

आम्ही उकड्या तांदळाशिवाय निघत नाही, म्हणून मी बाजारात मिळतो तो हातात धरायचा छोटा वजनकाटा घेतला. बॅग अडकवायची, उचलायची, आकडा बघायचा. मी साडेचौदाला थांबते, कारण घरचा काटा आणि तिथला काटा यांचे फारसे पटत नाही.

आता गोवेकरांच्या सामानातले नेहमीचे यशस्वी कलाकार:

नारळ. सासूबाईंच्या पहिल्या विमानप्रवासात त्यांनी देवाला दाखवलेला नारळ हातातल्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवला होता. क्ष-किरण यंत्रातून पिशवी बाहेर आली ती बाजूच्या पट्ट्यावर सरकली. जवान बाईने घडी उलगडली, नारळ काढला आणि मागच्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमध्ये आधीच दोन नारळ होते. सासूबाई त्या नारळांकडे वळून वळून बघत पुढे गेल्या. सुके खोबरे तेलकट असल्याने पेट घेऊ शकते, म्हणून ते हातातही नको आणि खालच्या बॅगेतही नको. ओल्या नारळाचे नियम कंपनीगणिक बदलतात, विचारून घ्या. माझे मत: बेंगळुरूत नारळ मिळतात.

लोणचे. मिरचीचे, तेलाचे लोणचे हातातल्या पिशवीत नको. बरणीचे झाकण सेलोटेपने बंद करा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वरून जुना टॉवेल आणि खालच्या बॅगेच्या मधोमध. सोलां (आमसुले), काजू, दोदोल-बिबिंका असले गोड पदार्थ यांचा त्रास नाही. सुकी मासळी नेत असाल तर आधी कंपनीला विचारा. परवानगी मिळाली तरी एवढी घट्ट बांधा की शेजारच्या बॅगेला कळता कामा नये.

फेणी. काजूची फेणी 42.8 टक्क्यांची असते. 24 ते 70 टक्के अल्कोहोलची बाटली खालच्या बॅगेत माणशी 5 लिटरपर्यंत नेता येते, पण कारखान्याच्या सीलसकट. गावच्या भट्टीवरची, पाण्याच्या बाटलीत भरलेली बसत नाही. हा झाला विमानाचा नियम. जिथे उतरणार त्या राज्याचा अबकारी कायदा वेगळा. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे आणि महाराष्ट्रातही बाहेरची दारू परवान्याशिवाय नेणे गुन्हा आहे. "दोनच तर बाटल्या" हे तिथे ऐकून घेत नाहीत.

विळी, सुरी, कात्री, नेलकटर हे सगळे खालच्या बॅगेत. (हो, लेकीसाठी विळी नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.) याच्या उलट पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या खालच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातच. 20,000 एमएएचपर्यंतची चालते. विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नका. औषधे, दागिने, घराची किल्ली आणि एक कपड्यांचा जोड सोबतच्या पिशवीत, खालची बॅग एखाद्या दिवशी उशिरा येते तेव्हा आठवण येईल.

6. वेब चेक-इन

म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर घरबसल्या हजेरी लावून बोर्डिंग पास काढणे. बहुतेक कंपन्यांत सुटण्याच्या 48 तास आधी सुरू होते आणि तासभर आधी बंद. तिकिटावरचा सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव किंवा ईमेल टाकायचा. इथे पुन्हा सीटचा नकाशा येतो आणि सगळ्या सीटवर किमती लिहिलेल्या असतात. नीट बघा, मागच्या रांगांत मधल्या काही फुकट असतात किंवा सीट न निवडता पुढे जाण्याचे बटण कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. जोडप्यांना शेजारी बसण्यासाठी पाचशे रुपये द्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा संसार. सव्वा तासाच्या प्रवासात आम्ही देत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच तशी खूण करा. मोठ्या विमानतळांवर चालणे फार असते. सासूबाईंनी आधी "मी काय पांगळी आहे?" म्हणून नाही म्हटले. दिल्लीला एकदा चालल्यावर पुढच्या वेळी स्वतःच आठवण केली.

7. विमानतळावर

सुटण्याच्या दोन तास आधी पोचा, सुट्टीच्या दिवसांत अडीच. सामान घेण्याचा काउंटर तासभर आधी बंद होतो, चढण्याचे दार साधारण 25 मिनिटे आधी. तिकिटावरची वेळ विमान हलण्याची असते, आपण पोचण्याची नव्हे. एसटी स्टँडच्या सवयीने पाच मिनिटे आधी धावत गेलेल्याला विमान काचेतून दिसते, मिळत नाही.

दारात तिकीट आणि ओळखपत्र. मग आपल्या कंपनीच्या काउंटरवर खालची बॅग द्यायची. तिची चिकटपट्टीची पावती मिळते, ती जपून ठेवा, बॅग हरवली तर तोच पुरावा. पुढे सुरक्षा तपासणी. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, पट्टा, सुटी नाणी ट्रेमध्ये. ही तयारी रांगेतच करा, म्हणजे मागची माणसे उसासे टाकणार नाहीत. बायकांची तपासणी पडद्याआड बाई करते. मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागत नाहीत. पलीकडे गेल्यावर ट्रे मोजा. मी एकदा घड्याळ विसरले, माझ्या मागच्या माणसाने हाक मारून दिले.

आत खाणे महाग. पोळी-भाजी, सांदणे, लाडू घरून न्यायला कोणाची हरकत नसते. रिकामी बाटली न्या, आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात.

गेटचा क्रमांक बोर्डिंग पासवर असला तरी ऐनवेळी बदलतो. बऱ्याच विमानतळांवर आता घोषणा करत नाहीत, पाटी बघत राहायची. गेटसमोरच बसा, मग हवे तर डुलकी काढा.

8. विमानात

एटीआरमध्ये दोन-दोनच्या रांगा, चढायचे मागच्या दाराने आणि वरचे कप्पे लहान. मोठ्या विमानात तीन-तीन. गोव्याहून मुंबईला जाताना डावीकडे समुद्र असतो, उजवीकडे सह्याद्री.

कान दडपतात ते मुख्यतः उतरताना. गोळी चघळा, आवंढे गिळा, जांभई द्या. बाळाला त्याच वेळी दूध पाजा, नाहीतर ते सगळ्या विमानाला जागे करते. सर्दीने नाक गच्च असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, फार दुखते.

पावसाळ्यात ढगांतून जाताना विमान खड्ड्यात गेल्यासारखे हलते. पट्टा बांधलेला ठेवा. एकदा उतरता उतरता, झाडे दिसायला लागली असताना, आमचे विमान गरजले आणि पुन्हा वर चढले. माझ्या तोंडून "देवा म्हाळसे!" निघाले. वैमानिकाने सांगितले की धावपट्टी नीट दिसली नाही, फेरी मारून पुन्हा येऊ. पुढच्या खेपेला व्यवस्थित उतरले. ही नेहमीची, शिकवलेली पद्धत आहे हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात एवढा घट्ट धरला नसता.

9. उशीर झाला किंवा रद्द झाले तर

देशांतर्गत विमानांसाठी डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे नियम आहेत. काउंटरवर ओरडण्यापेक्षा ते शांतपणे सांगितलेले जास्त उपयोगी पडतात. गोव्याहून मुंबई-पुणे-बेंगळुरूसारखा अडीच तासांच्या आतला प्रवास असेल आणि उशीर दोन तासांहून जास्त असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणेपिणे द्यायचे असते. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. कंपनीने न कळवता विमान रद्द केले तर परताव्याशिवाय प्रवासाच्या लांबीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपयांपर्यंत भरपाईही मागता येते. मात्र वादळ, पाऊस, संप असे कंपनीच्या हातात नसलेले कारण असेल तर भरपाई नाही. पैसे परत किंवा दुसरे विमान, हा हक्क तेव्हाही राहतो.

'रद्द झाले' असा मेसेज आला की घाईघाईने परताव्याचे बटण दाबू नका. आधी दुसऱ्या विमानात जागा मागा, कारण त्या दिवशी नवे तिकीट दुप्पट महाग झालेले असते. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, मग सरकारच्या एअरसेवा ॲपवर. बोर्डिंग पास आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा.

10. उतरल्यावर

परतीच्या प्रवासात विमानतळ आणि टर्मिनल पुन्हा तपासा, कारण हा घोटाळा फक्त गोव्याचा नाही. मुंबईत टी1 आणि टी2 ची दारे वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि 2025 च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. दादरला उतरणाऱ्याला तो सोयीचा नाही, पनवेलच्या माणसाला मात्र अगदी दारात. बेंगळुरूचा विमानतळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटर दूर. टॅक्सीला तिकिटाइतके पैसे जातात, म्हणून तिथल्या वायुवज्र बसगाड्या बघून ठेवा.

सामानाच्या पट्ट्यावर शंभरातल्या सत्तर बॅगा काळ्या. मी माझ्या बॅगेच्या मुठीला जुन्या कुणबी साडीची तांबड्या चौकडीची पट्टी बांधते, लांबून दिसते. गेल्या खेपेला बेंगळुरूत बॅग उचलली आणि वळले तर मागून तशीच चौकडी बांधलेली दुसरी बॅग येत होती. ती ज्यांची, त्या काकू काणकोणच्या निघाल्या. लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. त्यांच्या बॅगेतून लोणच्याचा वास येत होता, टेप लावली नव्हती. आम्ही दोघी एकाच बसने गेलो.